बाहेर ४५, घरात पोरं: नागपुरातली उन्हाळ्याची सुट्टी

पुण्या-मुंबईकडे शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आमच्या विदर्भात जूनचा शेवटचा आठवडा उजाडावा लागतो. कारण सरळ आहे, तोवर ऊनच तसं असतं. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ पर्यंत जातो, सकाळी दहा-साडेदहानंतर रस्त्यावर जो दिसेल तो डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, आणि संध्याकाळी सहा वाजेपर्यंत पोरांना बाहेर सोडायचं नावच नाही. म्हणजे आमची सुट्टी बाकीच्यांपेक्षा लांब आणि तीसुद्धा जास्त करून घरातच. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलरची घरघर, आणि त्यात माझी मोठी, धाकटा, शिवाय मुंबईहून नणंदेचा मुलगा आला की तिसरा.

सकाळ आणि संध्याकाळ आपोआप निघून जाते हो. सकाळी सायकल, पोहणं, मैदान काय असेल ते, संध्याकाळी खाली सगळी पोरं जमतातच. शिबिरंसुद्धा बहुतेक सकाळचीच असतात आणि ती चांगलीच असतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्रश्न सगळा अकरा ते पाचचा आहे. ह्या सहा तासांचं काय करायचं ह्यावर आम्ही मैत्रिणी दर एप्रिलमध्ये फोनवर डोकं फोडतो, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

मला काय वाटतं ते आधी सांगते. आपण पोरांना करमणूक देत बसतो, नवा खेळ आणा, नवं किट आणा, रंग आणा, आणि ती करमणूक अर्ध्या तासात संपते, मग परत "आई बोअर होतंय" सुरू. त्याऐवजी पोरांच्या हातात खरं काम द्यायचं, ज्याच्यावर घराचं काहीतरी अडलंय असं काम. ते केलं नाही तर सगळ्यांना कमी पडेल आणि केलं तर सगळे खातील, वापरतील. सात वर्षाच्या मुलालाही लगेच कळतं की हे आपल्याला नुसतं गुंतवून ठेवायला दिलंय की खरंच हवंय. खरं हवं असलं की तो तासभर जागचा हलत नाही.

आणि असं काम उन्हाळ्यात आपल्या घरात आपोआप येतंच, ते म्हणजे वाळवण.

आमच्याकडे सासूबाई अजून कुरड्या घरी करतात. आता बाजारात सगळं मिळतं, बचत गटाच्या बायका फार सुंदर करून देतात, पण पोरं घरात असताना हे घरी करण्यासारखं दुसरं काही नाही. गहू भिजत घालायचे, तीन दिवस रोज पाणी बदलायचं, आणि हे पाणी बदलायचं काम धाकट्याचं. रोज सकाळी तो झाकण काढून वास घेतो, तोंड वाकडं करतो आणि आजीला रिपोर्ट देतो, आज कालच्यापेक्षा आंबट आहे, आज फेस आलाय. चौथ्या दिवशी वाटायचं, चीक काढायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी वर आलेलं पाणी अलगद ओतून टाकायचं. मग जेवढा चीक तेवढंच पाणी मोजून उकळायला ठेवायचं, त्यात मीठ आणि हिंग, हे मोजमाप मोठीचं. शिजवायचं काम मात्र आजीचंच, गरम चीक हातावर उडाला तर वाईट भाजतं, त्यामुळे शेगडीपासून पोरं लांबच. पण चीक शिजला की पहिली वाटी पोरांची. मोठीला दूध-साखर घालून आवडतो, धाकट्याला कच्चं तेल आणि तिखट. सात वाजायच्या आत गच्चीवर प्लॅस्टिक अंथरून सोऱ्यातून कुरड्या पाडायच्या, आठपर्यंत खाली यायचं. नंतर राखण. आमच्या गच्चीवर कावळ्यांपेक्षा खारी जास्त त्रास देतात, म्हणून पोरांनी जुनी काळी छत्री उघडून एका कडेला बांधली आणि तिला चमचमत्या पट्ट्या लावल्या, कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी उलटायचं, मोजायचं, डब्यात भरायचं.

पण हे सगळं सकाळचं झालं. दुपारी बसून करण्याजोगं जे आहे ते म्हणजे सरगुंडे आणि गव्हले, आणि माझ्या मते ह्या दोन गोष्टी तर पोरांच्या बोटांसाठीच केल्यात.

विदर्भाबाहेरच्यांना सरगुंडे माहीत नसतील म्हणून सांगते. गव्हाचं बारीक चाळलेलं पीठ मीठ घालून चांगलं घट्ट मळायचं, त्याची पोळपाटावर सुतासारखी लांब वळी करायची आणि ती बारीक काडीवर एकाला एक लावून गुंडाळत जायची, मग काडी हळूच ओढून काढायची. हातात राहतो तो गोल गोल पोकळ सरगुंडा. वाळले की वर्षभर टिकतात, पाण्यात उकळून निथळून घ्यायचे आणि आंब्याच्या रसासोबत खायचे. आता ही काडी ओढायची जी वेळ असते ना, ती बघण्यासारखी असते. पीठ जरा सैल असलं तर काडीबरोबर सगळं निघून येतं, जरा जास्त घट्ट असलं तर वळी मध्येच तुटते. धाकट्याची जीभ बाहेर आलेली असते, श्वास धरलेला असतो, आणि निघाला की "निघाला!" असा ओरडतो की झोपलेल्या आजोबांना जाग येते. पंख्याखाली बसायचं नाही कारण पीठ वाळतं, गोळ्यावर ओलं फडकं टाकून ठेवायचं आणि लागेल तेवढंच काढून घ्यायचं, एवढे दोन नियम सांगितले की झालं.

आमच्याकडे प्रत्येकाचं ताट वेगळं असतं. आजीचं ताट एकसारख्या सरगुंड्यांचं, मोठीचं जवळपास तसं, आणि धाकट्याचे काही जाड काही बारीक काही वाकडे. ते मिसळायचे नाहीत. वाळल्यावर ज्याचे त्याचे वेगळ्या डब्यात, वर नावाची चिठ्ठी. मग जूनमध्ये रसाचं जेवण असलं आणि पाहुणे आले की धाकटा स्वतःचा डबा घेऊन येतो आणि "हे मी केलेत" म्हणून वाढतो. त्याचे जाड असल्यामुळे शिजायला वेळ लागतो, हे त्याने स्वतःच ओळखलं आणि आता तो आजीला सांगतो की माझे आधी टाक.

गव्हले त्याहून बारीक काम. मळलेल्या पिठाचा कण अंगठा आणि पहिलं बोट ह्यामध्ये घोळून गव्हाच्या दाण्यासारखा करायचा, दोन्ही टोकं निमुळती. लग्नकार्यात खिरीला लागतात. माझी मोठी अकरा वर्षांची आहे, एरवी एका जागी बसत नाही म्हणून शाळेतून तक्रार असते, पण गव्हले करताना आजी जुन्या लग्नांच्या गोष्टी सांगते, कोण रुसलं, कुणाची वरात पावसात अडकली, आणि हिचे हात चालू असतात. वाटीभर व्हायला दुपार जाते. नात्यात कुणाचं लग्न असेल तर हे मुद्दाम करा, आपण वळलेले गव्हले लग्नाच्या खिरीत पडणार आहेत हे कळल्यावर पोरींचा आणि पोरांचा दोघांचाही हुरूप बघा. (पोरांनाही बसवायचं बरं का, आमच्या धाकट्याचे गव्हले मोठीपेक्षा बारीक होतात.)

आता खेळ. बाजारातले बोर्ड गेम आमच्याकडेही आहेत, चांगले आहेत, पण उन्हाळ्यात सगळ्यात जास्त खेळला जातो तो अष्टचल्लस, ज्याला एक पैसा लागत नाही. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखायची, चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि मधोमध फुली मारायची. सोंगट्या प्रत्येकी चार, बटणं चालतात, डाळीचे दाणे चालतात, बांगडीचे तुकडे नकोत, लागतात. फासे म्हणजे चिंचोके. चिंचोका खरखरीत फरशीवर घासत राहायचा, एका बाजूचं साल जाऊन आतला पांढरा भाग दिसेपर्यंत, असे चार तयार करायचे. ह्या घासण्यातच एक दुपार जाते, कारण घासलेला चिंचोका चांगला तापतो आणि मग तो एकमेकांच्या हाताला लावून चटके द्यायचा कार्यक्रम होतो. आम्हीही लहानपणी हेच केलं, त्यामुळे मी फार ओरडत नाही.

चार चिंचोके टाकायचे, जेवढे पांढरे वर तेवढी घरं पुढे. चारही पांढरे पडले तर चल्लस, म्हणजे चार, आणि चारही काळे पडले तर अष्ट, आठ घरं, दोन्हीला परत टाकायला मिळतं. बाहेरच्या सोळा घरांतून एका दिशेने फिरायचं, मग आतल्या आठ घरांतून उलट दिशेने, मग मधल्या घरात. फुलीच्या घरात सोंगटी मारता येत नाही. आणि आमच्याकडे नियम असा की निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत जाता येत नाही, त्यामुळे पळत सुटून जिंकता येत नाही, कुणाला तरी अंगावर घ्यावंच लागतं. आजोबांच्या गावी थोडा वेगळा नियम होता, त्यावरून ते आणि पोरं भांडतात. भांडू द्यावं.

ह्याच खेळातून मोठीचं एक काम निघालं. तिला वाटायचं की भाच्याला मुद्दाम चांगले आकडे पडतात, मग मी म्हटलं वहीत लिही ना, किती वेळा काय पडतं. तिने पानभर रेघा मारल्या. एक, दोन, तीन, चार, आठ असे रकाने, प्रत्येक फेकीला एक रेघ. दोनचा रकाना सगळ्यात लांब गेला, चार आणि आठचे एवढेसेच. मग कागदावर चार चिंचोके काढून बसलो आम्ही, काळा-पांढरा असे सगळे प्रकार मांडले. एकूण सोळा प्रकार होतात, त्यातल्या सहा प्रकारांत दोन पडतात, एक चार प्रकारांत, तीन चार प्रकारांत, आणि चल्लस अष्ट एकेकाच प्रकारात. अकरा वर्षाच्या पोरीला संभाव्यता हा शब्दही ऐकवला नाही, पण तिला कळलं की कुणी लबाडी करत नाही, दोनच जास्त पडणार. दुसऱ्या दिवसापासून ती सोंगटी अशा ठिकाणी ठेवायला लागली की मागच्याच्या बरोबर दोन घरं पुढे कधी राहायचं नाही. मला त्या दिवशी तिचा फार अभिमान वाटला.

पत्त्यांचं फार सांगत नाही, सगळ्यांना येतात. मोठ्या घोळक्याला बदाम सात, आणि तिघंच असतील तर पाच-तीन-दोन, सत्तीच्या खालचे पत्ते आणि दोन सत्त्या काढून तीस पत्ते उरतात, प्रत्येकाला दहा. हुकूम सांगायची सवय लहान पोरांनाही लवकर होते. नाव-गाव-फळ-फूल वीज गेल्यावरसुद्धा खेळता येतं.

आता एक गोष्ट जी मी दर सुट्टीत हमखास करते आणि सगळ्यांनी करावी असं मला मनापासून वाटतं, ती म्हणजे सावली मोजणं.

आपल्याला वाटतं की भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो. बरोबर डोक्यावर तो वर्षातून फक्त दोनदाच येतो, आणि तेही कर्कवृत्त आणि मकरवृत्त ह्यांच्या मधल्या गावांतच. दिल्लीला कधीच येत नाही. नागपुरात तो दिवस २६ मेच्या आसपास असतो, वेळ साधारण १२ वाजून १० मिनिटं, आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, २५ मेला लागतो म्हणजे बरोबर त्याच दिवसांत. त्या मिनिटाला सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते, बाजूला काही दिसतच नाही. ह्याला शून्य सावली दिवस म्हणतात. दुसऱ्यांदा तो जुलैमध्ये येतो पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, म्हणून मे सोडायचा नाही.

आम्ही मेच्या सुरुवातीपासून लागतो. गच्चीच्या एका कोपऱ्यात सपाट जागा बघून स्टीलचा उभा डबा ठेवायचा, दर दोन-तीन दिवसांनी बरोबर त्याच वेळेला जाऊन सावलीच्या टोकाला खडूची खूण करायची आणि तारीख लिहायची. सुरुवातीला सावली उत्तरेकडे पडते कारण सूर्य अजून दक्षिणेला असतो, आणि मग ती रोज आखडत जाते. पोरांना ही खूण सरकताना दिसते ना, ते फार भारी असतं. मग २६ ला सगळ्या बिल्डिंगची पोरं वर येतात, टोप्या, छत्र्या, पायात चपला, पाण्याची बाटली, आणि वर पाच-सात मिनिटांच्या वर थांबायचं नाही, हे आधी ठरवून. कुणी बाटली आणतं, कुणी पाइपचा तुकडा. पाइप सर्वात छान, कारण एरवी आत डोकावलं तर एका बाजूला अंधार असतो आणि त्या वेळी ऊन थेट तळापर्यंत पडतं. भाच्याने मागे विचारलं होतं की मग उद्या काय होईल. उद्यापासून सावली दुसऱ्या बाजूला, दक्षिणेला जाते. आम्ही खाली जाऊन ग्लोब आणि टॉर्च घेऊन बसलो आणि जेवणं दीडला झाली.

ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी बाकी गावांच्या तारखा अंदाजे देते, एखादा दिवस इकडेतिकडे धरा. कोल्हापूर ६-७ मे, सोलापूर १०-११, पुणे १३-१४, मुंबई १५-१६, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर २० च्या आसपास, अमरावती आणि जळगाव २५. दुपारची वेळ तुम्ही पश्चिमेला जाल तशी उशिरा, मुंबई-पुण्याकडे साडेबाराच्या सुमाराला. ढग नसले म्हणजे झालं.

वाचनाचं म्हणाल तर बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक त्यांच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतात. आमच्याकडे एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी फरशीवर लोळत ऐकायचं अशी पद्धत आहे. दुपारच्या जेवणानंतर हेच चालतं, दुसरं काही चालत नाही.

मोबाईल आणि टीव्ही बंद करा असं मी म्हणणार नाही, आमच्याकडेही असतो. फक्त त्याची वेळ जेवणाआधी कधीच नसते. सकाळी एकदा स्क्रीन लागली की नंतर सरगुंडे-बिरगुंडे काही होत नाही, हे मी पक्कं सांगते. चार वाजता, सगळं करून झाल्यावर, एक तास. तोवर ऊन उतरायला लागतं आणि खालून हाका सुरू होतात, त्यामुळे बंद करायला रडारडही होत नाही.

आणि मध्ये थोडा वेळ काहीच न करता जाऊ द्या. पोरं पडदा बाजूला करून खिडकीतून बघत बसतात, भांडतात, चादरीचं घर करतात. अशाच एका दुपारी आमच्या पोरांनी खिडकीतल्या पाण्याच्या भांड्यावर कोण येतं त्याची वही सुरू केली. साळुंकी, बुलबुल, खार, आणि समोरच्या पिंपळावर टुक टुक करणारा तांबट, जो ऐकू येतो सारखा पण दिसत नाही. धाकट्याला तो दिसला तेव्हा त्याने वहीत एवढंच लिहिलं की कपाळ लाल आहे आणि खूप छोटा आहे.

ज्यांच्या घरी दोघंही नोकरीला जातात आणि आजी-आजोबा जवळ नाहीत त्यांचं मला कळतं, त्यांना हे सगळं रोज जमणार नाही. त्यांनी वाळवण रविवारी करावं, आणि बाकी दिवशी मोठ्या मुलाला एक खरं काम सोपवून जावं. पन्हं करून ठेवणं हे चांगलं काम आहे. कैऱ्या रात्री तुम्ही उकडून ठेवायच्या, सकाळी पोराने गर काढायचा, एक वाटी गराला साधारण दोन वाटी गूळ, कैरी फार आंबट असली तर थोडा जास्त, वेलची, चिमूटभर मीठ, आणि आई-बाबा घरी येतील तेव्हा ग्लास तयार पाहिजेत. गॅस नाही, सुरी नाही. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून पाळी लावली, आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे, तर एकेका मोठ्या माणसावर सगळी पोरं राहतात आणि पोरांनाही गर्दी लागतेच. एक गोष्ट मात्र पोरांवर कधी सोडू नका, ती म्हणजे कूलर. लोखंडी कूलरला शॉक लागून दर उन्हाळ्यात विदर्भात जीव जातात. घरातून निघायच्या आधी पाणी तुम्हीच भरा, तेही प्लग काढून, पायात चपला घालून, आणि पोरांना सांगून ठेवा की पाणी संपलं तर बटण बंद करायचं, पंखा लावायचा आणि फोन करायचा.